पणजीतली फेणीची संध्याकाळ: आठ माणसांना घेऊन लहान बारांतून पायी कसं फिरवायचं

मी मूळची गोव्याच्या सीमेला लागून असलेल्या महाराष्ट्रातल्या दोडामार्ग तालुक्यातली. आमच्या बागेत मार्चपासून काजूखाली बोंडूंचा, म्हणजे काजूच्या रसाळ फळांचा, सडा पडायचा. बी काढून घेतली की बोंडू तिथेच कुजायचा आणि तो आंबूस वास दोन महिने घरात भरून राहायचा. लग्न होऊन पणजीत आले तेव्हा पाहिलं, सीमेच्या अलीकडे त्याच बोंडूसाठी माणसं पहाटे उठतात. त्याचीच फेणी, म्हणजे गोव्याची गाळलेली दारू, होते. 2009 मध्ये गोव्याच्या काजूफेणीला भौगोलिक मानांकन मिळालं. आमच्याकडे जे मातीत जायचं त्याचं इथे काय होतं, हे बघता बघता मी फेणीच्या नादी लागले आणि मग लोकांना संध्याकाळी पायी फिरवू लागले. याला नऊ वर्षं झाली.

सावंतवाडी, कोल्हापूर, पुण्याकडून मला सारखं विचारतात, “ताई, आम्हालाही आमच्या शहरात असं काही सुरू करायचंय, कसं करायचं?” त्यांच्यासाठी हे लिहिते. गाव बदललं की पेय बदलेल, पण कामाची रीत फारशी बदलणार नाही.

आधी एकटीने जाऊन बसा

लहान बार म्हणजे तिथल्या नेहमीच्या गिऱ्हाइकांची बैठकीची खोली. चार बाकडी, एक पंखा, भिंतीवर सायबिणीचा, म्हणजे मेरीमातेचा, फोटो आणि गल्ल्यामागे वीस-तीस वर्षं तोच माणूस. कोपऱ्यातले आजोबा रोज सातला येतात, एक कोपीन, म्हणजे छोटा पेला, घेतात, आठला जातात. तुम्ही आठ अनोळखी माणसं आत घातलीत की पहिली त्यांची जागा जाते. म्हणून दौऱ्याची जाहिरात करण्याआधी त्या बारमध्ये गिऱ्हाईक म्हणून जाऊन बसायचं. मी प्रत्येक ठिकाणी महिनाभर मंगळवारी जात होते. कोण कधी येतं, कुठे बसतं, गर्दी कधी उसळते, हे वहीत लिहिलं. मगच अंकलना, म्हणजे बारवाल्याला, विचारलं, “मी माणसं आणली तर चालेल का? किती? कुठल्या दिवशी?”

उत्तर ऐकायची तयारी ठेवा. एका आंटीने मला सरळ नाही म्हटलं. मी आजही एकटी जाते तिथे, माणसं नेत नाही. दुसऱ्या एकांनी हो म्हटलं, पण बारचं नाव कुठे छापायचं नाही या अटीवर. ती अट मी इथेही पाळणार. दौऱ्यातल्या तीन बारांपैकी एकच नाव सांगते, कारण ते आधीच सगळ्यांना ठाऊक आहे: सां तोमे या पणजीच्या जुन्या वाड्यातला जोसेफ बार. जागा इतकी लहान की गिऱ्हाइकं पेला हातात घेऊन गल्लीतच उभी असतात.

मी ठरवलेले नियम असे. शुक्रवार-शनिवार दौरा नाही. आठपेक्षा जास्त माणसं नाहीत, नववा कितीही ओळखीचा असो. सगळ्यांचे पैसे मी आधीच गल्ल्यावर रोख ठेवते, म्हणजे आठ जणांचे आठ हिशेब करायची वेळ अंकलवर येत नाही. आणि बारकडून कमिशन घ्यायचं नाही. ते घेतलं की तुम्ही माणसांना जास्त पाजायला लागता. तुमच्या मनात नसलं तरी तसंच होतं. माझी फी पाहुण्यांकडून येते, तेवढी पुरते.

वाट आणि वेळ

पाच-साडेपाचला चर्चच्या पायऱ्यांपाशी जमायचं. तिथून आल्तिनो टेकडीच्या पायथ्याने सां तोमेत, जुन्या टपाल कचेरीपाशी. मग गल्ल्यांतून फोंतेन्हासमध्ये, सांत सेबास्तियांवच्या कपेलापर्यंत, म्हणजे छोट्या चर्चपर्यंत, आणि टेकडीखालच्या झऱ्यापाशी. या झऱ्यामुळेच वाड्याला फोंतेन्हास हे नाव पडलं. परतताना ओरें खाडीच्या कडेने. सगळं मिळून दीड-दोन किलोमीटर, पण आम्ही त्याला तीन तास घेतो.

चालणं हे बार ते बार पोचण्यापुरतं समजू नका. आधीच्या पेयाची चव जिभेवरून जायला आणि पुढचं पेय नीट कळायला मधली वीस मिनिटं लागतात. ती मी मुद्दाम संथ चालून काढते. कपेलात क्रूसावरचा येशू डोळे उघडे ठेवून, मान वर करून आहे. हा क्रूस जुन्या गोव्यातल्या इन्क्विझिशनच्या, म्हणजे पोर्तुगीजांच्या धर्मन्यायालयाच्या, वाड्यातून आलेला. तिथे सगळे गप्प होतात. त्या शांततेत दहा मिनिटं सहज जातात आणि ती फार उपयोगी पडतात. पोर्तुगीजांनी 1843 मध्ये पणजीला राजधानी केलं, हे मी खाडीकाठी सांगते. भिंतींचे रंग बघत चालत असताना लोकांना इतिहास ऐकायचा नसतो.

पावसाळ्यात मी दौरा आखूड करते. फरशा शेवाळतात, आणि पेला घेतलेल्या माणसाचा पाय आधी तिथेच सरकतो.

पोटात काहीतरी, पेल्याच्या आधी

पहिल्या वर्षी एक पाहुणी दुपारी जेवलीच नव्हती. मी विचारलं नाही. दुसऱ्या बारच्या दारात तिला घेरी आली. बाकावर निजवलं, साखरपाणी दिलं, तिची मैत्रीण रडायला लागली. अर्ध्या तासाने ती उठून बसली. पण ती चूक माझीच होती, आणि त्या दिवसानंतर दौऱ्याचा पहिला थांबा बारचा नाही, खाण्याचा असतो. गाड्यावरचं रॉस आम्लेट: शाकुतीच्या (गोव्याच्या मसालेदार कालवणाच्या) रश्शात बुडवलेलं आम्लेट, वरून कांदा, लिंबू आणि सोबत पाव. मांसाहारी नसतील त्यांच्यासाठी भाजी-पाव. अंडं, पाव आणि तेल पोटात असलं की दारू रक्तात हळू चढते.

आदल्या दिवशी प्रत्येकाला फोन करते. मेसेज नाही, फोनच. तीन प्रश्न: औषधं कुठली चालू आहेत, दुपारी काय खाणार, रात्री घरी कसे जाणार. झोपेच्या, फेफऱ्याच्या, साखरेच्या गोळ्या असतील त्यांनी डॉक्टरांना विचारून यावं आणि शंका असेल तर कोकम सोडा घ्यावा. वय 21 पूर्ण नसलेल्याला गोव्यात दारू देता येत नाही, म्हणून कॉलेजची मुलं असली की ओळखपत्र बघते.

मोजून पाजायचं

हा भाग नीट वाचा. बहुतेक जण इथेच चुकतात.

फेणीत मद्यार्क साधारण 42-43 टक्के, हुर्राकात, म्हणजे फेणीच्या आधीच्या पहिल्या धारेच्या दारूत, साधारण 15. एक मिलिलिटर मद्यार्काचं वजन 0.79 ग्रॅम. म्हणजे 30 मिली फेणीत सुमारे 10 ग्रॅम आणि 60 मिली हुर्राकात सुमारे 7 ग्रॅम. निरोगी मोठ्या माणसाचं शरीर तासाला ढोबळमानाने सात ते दहा ग्रॅम पचवतं. माझ्या दौऱ्यात तीन पेले असतात: पहिल्या ठिकाणी 60 मिली हुर्राक लिमकात, दुसरीकडे नुसती फेणी 15 मिली चाखायला, तिसरीकडे 30 मिलीचं कॉकटेल. मिळून साधारण 22 ग्रॅम, तीन तासांत. चौथा पेला दौऱ्यात नाही. कोणी मागितला तर मी म्हणते, “उद्या या, एकटे या, अंकलशी गप्पा मारा.” बरेच जण खरंच येतात.

प्रत्येक पेल्यामागे एक पेला पाणी. पाणी बारवाल्याकडे मागायचं नाही, बाटल्या आपण घेऊन जायच्या.

पेय कसं समजावायचं

माझ्या लेखी दौरा खरा इथे आहे. “हे प्या, छान आहे” एवढंच सांगायचं असेल तर तुमची गरजच नाही.

मी बोंडूपासून सुरू करते. हंगामात पिशवीत दोन बोंडू घेऊन येते आणि हातात देते. पुण्या-मुंबईच्या कित्येकांनी काजू आयुष्यभर खाल्लाय, पण बोंडू कधी बघितलेला नसतो. बोंडू झाडावरून तोडत नाहीत, पिकून खाली पडलेलाच घेतात. काजूचं झाड पोर्तुगीजांनी ब्राझीलमधून आणलं, पण दारू गाळायची कला इथे माडाच्या सुरेवर, म्हणजे माडीवर, आधीपासून होती. बोंडू तुडवून रस काढतात, उरलेल्या चोथ्यावर वजन ठेवलं की त्यातून थेंब थेंब निथळतो तो नीरो. नीरो आंबवत नाहीत, गोड असताना थंड करून पितात. तुडवलेला रस दोन-तीन दिवस आंबू देतात आणि मग भट्टीवर चढवतात. पहिल्या धारेला येतो तो हुर्राक. हुर्राकात आंबलेला रस मिसळून पुन्हा गाळला की फेणी.

हुर्राक टिकत नाही. मार्च ते मे, तेवढाच. म्हणून जूनमध्ये कोणी हुर्राक देतो म्हणाला तर मी तो पाहुण्यांना देत नाही. बिगरहंगामात पहिला पेला बदलते: 20 मिली फेणी, उंच पेल्यात, कोकम आणि सोडा घालून. मद्यार्क तितकाच पडतो.

हुर्राकाचा पेला करायची रीत अशी: हिरवी मिरची उभी चिरून आत टाकायची, चिमूट मीठ, लिंबाची फोड पिळून तिथेच सोडायची, बर्फ, मग हुर्राक, वरून लिमका. ढवळायचं नाही. मिरचीचा वास आधी नाकात येतो आणि तिखट घशात उशिरा उतरतं. मिरची चावू नका, हे आधीच सांगून ठेवा.

दुसऱ्या ठिकाणी नुसती फेणी. फेणीच्या वासाला नावं ठेवत येणारे खूप असतात. त्यांना मी आधी पेला देत नाही. चार थेंब तळहातावर घ्यायला लावते, दोन्ही हात चोळायला सांगते, मद्यार्क उडून जाऊ देते. मग हुंगा. तेव्हा पिकलेल्या फळाचा, ओल्या पाचोळ्याचा वास राहतो. एकदा कोल्हापूरच्या एका काकूंनी हात हुंगून म्हटलं, “अगो, हा तर आमच्या आजोळच्या अंगणाचा वास.” आजोळ त्यांचं आजऱ्याकडे, काजूच्याच मुलखात. मग बाटली हलवून दाखवते. वर बारीक फेस धरतो आणि काही क्षण टिकतो. फेणी हे नावच फेसावरून, संस्कृत फेन. जुनी माणसं फेस बघून कडकपणा ओळखतात आणि बोलतात ग्राव या जुन्या मापात, टक्क्यांत नाही. माडाची फेणी मिळाली तर शेजारी ठेवते. दोन्हींतला फरक नाकालाच कळतो, समजावून सांगावं लागत नाही.

कॉकटेल शेवटी, जोसेफ बारला किंवा दुसरीकडे, गर्दी बघून. कोकम घातलेली फेणी मला सगळ्यांत आवडते. आंबट, लाल, आणि फेणीचा वास तिच्यात दबत नाही. महागड्या ठिकाणी फेणीचा वास झाकण्यासाठी पाच-सहा सरबतं ओततात. मला ते पटत नाही. फेणीच चाखायची नसेल तर व्होडका घ्यावी.

गल्लीत माणसं राहतात

फोंतेन्हासमधल्या रहिवाशांना फोटो काढणाऱ्यांचा जाच झालाय. आमच्या दौऱ्यात कोणाच्या ओट्यावर बसायचं नाही, खिडकीत डोकवायचं नाही, दारासमोर उभं राहून फोटो नाही. साडेसातनंतर गल्लीत आवाज खाली. पेला बारमध्येच संपवायचा, चालताना हातात पेला नको. पर्यटनस्थळी उघड्यावर दारू पिण्यावर गोव्यात 2019 पासून बंदी आहे आणि दंडही आहे. वाटाड्याचं काम पैसे घेऊन करायचं तर पर्यटन खात्याकडे नोंदणी लागते, ती आधी करा. निवडणूक असेल तर मतदान संपण्याआधीच्या 48 तासांत दौरा ठेवूच नका, बार बंद असतात.

बायकांचे गट माझ्याकडे वाढलेत. मी बाई असल्यामुळे त्या फोन करतात. आत शिरताना मी पुढे जाते, अंकलना नावाने हाक मारते, कोपऱ्यातल्या आजोबांना “कशे आसात?” विचारते. एवढ्याने खोलीचा सूर बदलतो. भिंतीकडची जागा बायकांना आणि दाराकडची मला.

निरोप

गाडी कोणीही चालवायची नाही. कायद्यात 100 मिली रक्तात 30 मिलीग्रॅमची मर्यादा आहे, पण माझा हिशेब त्याहून सोपा: एक पेला घेतला की किल्ली दुसऱ्याकडे. पायलट म्हणजे मोटारसायकलचा टॅक्सीवालाही नको, मागे बसणाऱ्याचा तोल जातो. टॅक्सी मी आधीच सांगून ठेवते आणि सगळे बसेपर्यंत खाडीकाठी थांबते.

बाटली घरी न्यायची का, हे महाराष्ट्रातले पाहुणे हमखास विचारतात. परवान्याशिवाय गोव्याची दारू महाराष्ट्रात नेणं गुन्हा आहे आणि बांद्याजवळ इन्सुलीला तपासणी होते. त्याऐवजी मी कोकमाची आगळ घ्यायला सांगते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिन्ही ठिकाणी फेरी मारते. काही फुटलं का, कोणी जास्त बोललं का, आजोबांना त्रास झाला का, हे विचारते. मागच्या महिन्यात अंकल म्हणाले की निळ्या शर्टवाल्याने पंख्याखालची खुर्ची अडवली होती. पुढच्या मंगळवारी मी दारातच सगळ्यांना सांगितलं, पंख्याखालची खुर्ची रिकामी ठेवा. सात वाजता आजोबा आले आणि तिथे बसले.