डिझायनर व्हायचंय? आधी फ्लेक्सच्या दुकानात बसा

भो, ग्राफिक डिझाइन शिकायला पुण्यालाच जावं लागतं असं काही नाही, जळगाव-धुळ्यात एखाद्या जुन्या डिझायनरच्या शेजारी दोन-तीन महिने स्टूल टाकून बसलात तरी खूप हाती लागतं, फक्त लग्नसराईत किंवा कानबाईच्या सणाआधी जाऊ नका, तेव्हा त्याला पाणी प्यायला वेळ नसतो.

नुसतं बघत बसू नका, त्याची छोटी कामं अंगावर घ्या. फोटो कटिंग करा (फोटोतल्या माणसामागचं सगळं काढून टाका), पत्रिकेचं प्रूफ वाचा. माझी पहिली पत्रिका मी आरजीबीमध्येच (स्क्रीनच्या रंगपद्धतीत) पाठवली होती, स्क्रीनवरचा झगझगीत केशरी छापून आला तो पार मळकट. तेव्हा कळलं, छपाईला सीएमवायके (चार शाईंची रंगपद्धत), साधारण ३०० डीपीआय (एका इंचात किती ठिपके) आणि चारही बाजूंना ३ मिमी ब्लीड (कापताना जाणारी जादा कड) लागतं. मोठ्या फ्लेक्सला मात्र एवढं रिझोल्यूशन लागत नाही, तो लांबून बघतात ना.

मराठी अक्षरांवर जास्त मेहनत घ्या, इथंच बरेच जण मार खातात. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये (आता मोबाइल-कॉम्प्युटरवर सगळीकडे चालते ती अक्षरपद्धत) चिकटवला की कचरा दिसतो, आधी कन्व्हर्ट करा. मुक्ता, बालू हे फॉन्ट फुकट आहेत, त्यांच्या वेलांट्या, जोडाक्षरं झूम करून बघा.

काम दाखवताना "कसं वाटलं?" विचारू नका, सगळे "भारी" म्हणतात. "यातलं काय काढून टाकू?" असं विचारा.

पोर्टफोलिओला, म्हणजे दाखवायच्या कामांच्या संग्रहाला, आठ-दहा चांगली कामं बस झाली. आणि हो, ॲडव्हान्स घेतल्याशिवाय फाइल उघडायची नाही, मामाचा पोरगा असला तरी.