नागपूरच्या हवेत कन्व्हर्टिबल डायकास्ट गाड्या जमवताना

कन्व्हर्टिबलचं, म्हणजे टप उघडणाऱ्या गाडीचं, डायकास्ट (साच्यात ओतलेल्या धातूचं छोटं) मॉडेल घेताना रंग आणि क्रोम नंतर, आधी आत बघा. टपाच्या गाडीत काळ्या प्लॅस्टिकचा डॅशबोर्ड खपून जातो, इथे सगळं उघडं असतं. डायलवरचे आकडे वाचता येतात का? खाली गालिच्यासारखी बारीक लव आहे, की नुसतं प्लॅस्टिक? कापडी टप सुटा मिळत असेल, तर तो आणि घडी केलेल्या टपावरचं झाकण, दोन्ही खोक्यात आहेत ना? मग विंडशील्डची चौकट तपासा. वर छताचा आधार नसल्याने ती पहिल्यांदा तुटते. गाडी कायम तळाशी, दोन्ही बाजूंनी धरून उचला.

साल ओळखायच्या खुणा पाठ असू द्या. १९५९च्या कॅडिलॅक एल्डोराडोच्या मागच्या प्रत्येक पंखावर गोळीसारखे दोन लाल दिवे असतात. १९६१ची म्हणून विकली जाणारी जॅग्वार ई-टाइप काचेआडच्या हेडलाइटचीच हवी.

शोकेस बनवून घेण्याआधी माप काढा. खरी एल्डोराडो सुमारे ५.७ मीटर लांब, म्हणजे १:१८मध्ये (खऱ्या गाडीच्या अठराव्या हिश्श्याच्या मॉडेलमध्ये) जवळपास ३२ सेंमी आणि १:४३मध्ये १३ सेंमी. १:१८ची गाडी आडवी ठेवायला १५ सेंमी खोलीचा कप्पा पुरतो; नाक पुढे करून ठेवायची तर ३५ हवा. घर लहान असेल तर १:४३च बरं.

आता खरा प्रश्न, आपल्या हवेचा. इथे उन्हापेक्षा जास्त नुकसान कूलर करतो. कूलरची ओली हवा थेट शोकेसवर आली की स्क्रू आणि ॲक्सल गंजतात, आणि खिडकीतून ओढलेली धूळ सीटच्या घड्यांत ओलसर होऊन चिकटते. त्यामुळे शोकेस कूलरच्या झोतात नको, आणि दुपारभर तापणाऱ्या पश्चिमेच्या भिंतीलाही नको. काचेच्या दारांच्या फटीला ब्रशपट्टी लावा, आत छोटा आर्द्रतामापक ठेवा. काटा ५० टक्क्यांच्या वर राहू लागला की सिलिका जेलच्या पुड्या बदला. एप्रिल-मेमध्ये कूलर चालू असेपर्यंत आणि पुढे पावसाळाभर हे बघावंच लागतं. रेझिनचं मॉडेल असेल तर जास्तच जपा, उष्णतेने ते वाकतं. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, कुरिअरने मागवूच नका. बंद ट्रकमध्ये तापून गोंद सुटतो.

धूळ काढायला कॅमेऱ्याचा हवेचा पंप आणि मेकअपचा मऊ ब्रश. आत ओलं कापड अजिबात नको, लव दबून तिथे डाग राहतो. बाहेरून पुसायचं तर डिस्टिल्ड पाण्यात भिजवून घट्ट पिळलेलं मायक्रोफायबर वापरा. बोअरचं पाणी वाळलं की पांढरे ठिपके उरतात.

टायरकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही. मऊ पीव्हीसीतलं तेलकट द्रव्य हळूहळू बाहेर येतं आणि खालचं प्लॅस्टिक विरघळवतं. उन्हाळ्यात हे लवकर होतं. गाडी स्टँडच्या स्क्रूने आवळलेली असेल तर टायर आणि स्प्रिंग दोन्ही दबून राहतात. स्क्रू ढिला करा आणि गाडीच्या तळाखाली ॲक्रिलिकचा छोटा ठोकळा असा ठेवा की चाकं केसभर वर राहतील.

विंडशील्ड सुटलं तर फेविक्विक लावू नका. त्याच्या वाफेने काच आणि क्रोम पांढरट धुरकट होतं, आणि ते पुसून जात नाही. लाकडाला लावतात तो पांढरा फेविकॉल टूथपिकच्या टोकावर घेऊन चौकटीच्या बुडाशी दोन ठिकाणी टेकवा आणि रात्रभर हात लावू नका. वाळल्यावर तो पारदर्शक होतो.

जुनी मॉडेल घेताना दार उघडून कडा बघा. रंगाखाली फोड, बारीक भेगा, दार घट्ट अडकणं, तळ केळ्यासारखा वाकलेला, यातलं काहीही दिसलं तर जस्ताच्या मिश्रधातूत शिसं मिसळल्याने तो आतून फुगतोय. याला उपाय नाही, दमट हवेत ते वाढतच जातं. कितीही स्वस्त मिळालं तरी असं मॉडेल सोडून द्या.