स्वल्पविरामाने जोडलेली वाक्ये मी कशी दुरुस्त केली

सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यातून परदेशी ग्राहकांना इंग्रजी पत्रे लिहिताना मी दोन पूर्ण वाक्यांमध्ये नुसता स्वल्पविराम देत असे. त्यामुळे ‘द टॉवेल्स आर रेडी, हाउएव्हर, द कार्टन्स आर नॉट’ या रचनेत ‘हाउएव्हर’ कोणत्या वाक्याचे, हे वाचणाऱ्याला कळत नसे. आता मी खुणेच्या दोन्ही बाजू वेगळ्या वाचतो आणि दोन्ही बाजू पूर्ण वाक्ये म्हणून स्वतंत्र उभ्या राहत असतील, तर तेथे अर्धविराम देतो. मध्ये ‘बट’ असल्यास त्याआधीचा स्वल्पविराम पुरतो. ‘हाउएव्हर’ मात्र उभयान्वयी नसून क्रियाविशेषण आहे, म्हणून त्याआधी अर्धविराम आणि नंतर स्वल्पविराम लागतो. हा फरक मला सर्वांत मोलाचा वाटतो. ‘सोलापूर, महाराष्ट्र; सुरत, गुजरात’ अशा यादीतही अर्धविरामच गावे वेगळी ठेवतो.