जागा ढीगभर, तरी व्हिडिओ जाईना

मामेभावाची टीव्हीला लावायची जुनी ५०० जीबीची हार्ड डिस्क मिळाली, तिच्यावर फोटो हलवायला घेतले. फोटो भराभर गेले. ताईच्या हळदीचा व्हिडिओ मात्र अडला, ‘फाइल फार मोठी आहे’ हेच पालुपद. डिस्क तर अर्धी रिकामी! गोम फॉरमॅटमध्ये, म्हणजे डिस्कवर फाइली साठवायच्या पद्धतीत होती. फॅट३२ असलेल्या डिस्कवर ४ जीबीची किंवा त्याहून मोठी एकही फाइल मावत नाही. म्हणून ही अडचण नसलेल्या एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केली. ते विंडोज आणि मॅक दोन्हीवर चालतं. फॉरमॅटने सगळं पुसलं जातं, पण मी कट कधी करतच नाही, कॉपीच. त्यामुळे मूळ फोटो लॅपटॉपवर शाबूत. मग पुन्हा कॉपी, आणि प्रॉपर्टीजमध्ये दोन्हीकडची फाइलसंख्या, बाइट्स ताडून पाहिले. लॅपटॉपवरचे उडवण्याआधी मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून आणखी एका प्रतीसाठी दुसरी डिस्क आणतोय.