पॅकेजिंगची पहिली नोकरी: हेड ऑफिस नको, कारखाना बघा

दोन ऑफर हातात असतील, एक मोठ्या ब्रँडच्या हेड ऑफिसमधली आणि दुसरी वापीच्या खोक्यांच्या कारखान्यातली, तर पगार थोडा कमी असला तरी वापीला जा. माझं हे मत घरच्यांना पटणार नाही. पण ऑफिसात तुम्हाला स्पेसिफिकेशनचा कागद मिळतो, कारखान्यात तो कागद कुठे मोडतो ते दिसतं.

उदाहरण घ्या. पाच प्लायचं, म्हणजे पाच थरांचं खोकं: तीन सपाट कागद (लायनर) आणि त्यांच्यामध्ये दोन नागमोडी (फ्ल्यूटिंग). सगळे कागद १५० जीएसएम (चौरस मीटरला ग्रॅम), २० बीएफ (बर्स्ट फॅक्टर, कागदाच्या फुटण्याच्या ताकदीचा आकडा). एका लायनरचे १५० गुणिले २० भागिले १००० म्हणजे ३. तीन लायनरचे ९. फ्ल्यूटिंगचं धंद्यात अर्धं धरतात, म्हणून दोन फ्ल्यूटचे मिळून ३. बर्स्टिंग स्ट्रेंग्थ, म्हणजे किती दाबाला खोक्याची भिंत फुटते तो आकडा, झाली १२ किलो प्रति चौरस सेंटिमीटर. हे गणित कॉलेजात जमतंच. आता १२ किलोची खोकी एकावर एक सहा रचा. सर्वांत खालच्यावर ६० किलो. गोदामात महिना-दोन महिने माल पडून राहणार, वर पावसाळ्याची दमट हवा, म्हणून चारपट सुरक्षा धरली तर कॉम्प्रेशन, म्हणजे चेपण्याआधी खोकं वरून पेलतं तो भार, २४० किलो हवं. बर्स्टच्या १२ या आकड्यात ते कुठेच दिसत नाही! बर्स्ट आणि कॉम्प्रेशन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि कितीतरी खरेदीवाले अजून फक्त बर्स्ट मागतात. त्यातही हमालांनी खोकी विटांसारखी सांधे चुकवून रचली की कोपऱ्यावर कोपरा बसत नाही आणि ताकद आणखी घटते, कारण खोक्याचा भार मुख्यतः कोपरेच पेलतात. म्हणून पहिल्या पावसाळ्यात गोदामात जाऊन उभे राहा, मॉइश्चर मीटर घेऊन.

लॅमिनेटकडे, म्हणजे थरावर थर चिकटवून केलेल्या पाकिटांकडे, जायचं असेल तरी रीत हीच. घरातलं मसाल्याचं पाकीट कात्रीने उघडा, सील कुठून सुटतं ते ओढून बघा, थर ओळखायचा प्रयत्न करा. बाहेर १२ मायक्रॉन पॉलिस्टर, आत सील होणारं पॉली, मध्ये मेटलाइज्ड (धातूचा मुलामा दिलेला) थर आहे की नाही? अशी आठ-दहा पाकिटं वहीत चिकटवून प्रत्येकाखाली चार ओळी लिहा. ती वही मुलाखतीला न्या. बायोडेटात ‘मटेरियलचं ज्ञान’ लिहिलेलं मी वाचतही नाही. ‘कॉब चाचणी (कागद किती पाणी शोषतो ते मोजणारी) स्वतः केली, कागद इतकं पाणी प्यायला’ असं असेल तर खुर्ची पुढे ओढतो.

कायद्याचं थोडक्यात: लेबलसाठी २०११ चे पॅकेज्ड कमोडिटीज नियम आणि प्लास्टिकसाठी ईपीआर (वापरून झालेल्या प्लास्टिकची उत्पादकावर असलेली जबाबदारी), एवढं तरी वाचून या. डिझाइनचं सॉफ्टवेअर नोकरीत शिकता येतं, त्याच्या महागड्या क्लासला पैसे घालू नका. मूळ प्रमाणपत्रं मात्र कोणत्याही कंपनीकडे ठेवायला देऊ नका, बाँड कितीही गोड बोलून पुढे केला तरी.

रुजू झाल्यावर पहिल्या आठवड्यात क्यूएकडून (गुणवत्ता विभागाकडून) गेल्या वर्षाची तक्रारींची फाइल मागा. कुठलं खोकं, कुठल्या डेपोत, कुठल्या महिन्यात फुटलं, ते तारखेनुसार लावा. जुलै-ऑगस्टमध्ये गर्दी दिसली तर पुढचा प्रश्न कागदाच्या व्हेंडरला विचारा, ऑपरेटरला नाही.