अमेरिकन शहरांचं क्विझ: आधी ठिपका, मग पर्याय

अमेरिकेतल्या शहरांच्या क्विझमध्ये चार पर्याय समोर असले की अंदाजानेही गुण मिळतात, पण तेच शहर नकाशावर दाखवायचं म्हटलं की बोट अडखळतं.

१. फक्त राज्यांच्या सीमा असलेला कोरा नकाशा छापून घ्या. प्रश्न वाचून पर्याय हाताने झाका, पेन्सिलने ठिपका द्या, मगच हात काढा. रीनोचा ठिपका मुलांना जरूर द्यायला लावा. नेवाडातलं हे शहर लॉस एंजेलिसच्याही पश्चिमेला आहे; भले भले चकतात!

२. चुकलेलं शहर सुटं पाठ करू नका, नदीला धरून बघा. मिसिसिपीवर उत्तरेकडून खाली या: मिनिआपोलिस, सेंट लुईस, मेम्फिस, न्यू ऑर्लिन्स. एक आठवलं की शेजारचंही सापडतं.

३. राजधान्यांची यादी वेगळी ठेवा. न्यूयॉर्क राज्याची ऑल्बनी, कॅलिफोर्नियाची सॅक्रामेंटो, इलिनॉयची स्प्रिंगफील्ड. मोठं शहर म्हणजेच राजधानी असं धरलं की गुण गेलेच.

मात्र ठिपका देण्याआधी राज्य कोणतं ते नीट वाचा. पोर्टलंड ओरेगनमध्येही आहे आणि मेनमध्येही. कॅन्सस सिटी म्हणून प्रसिद्ध असलेलं मोठं शहर तर मिझुरीत आहे.