परदेशातून एमबीबीएस करून परतताय? विमानात बसण्याआधी एवढं उरका

भारतात डॉक्टर म्हणून नोंदणीसाठी एफएमजीई (परदेशातून एमबीबीएस केलेल्यांची परीक्षा) पास झालं (३०० पैकी १५० गुण) तरी कागदपत्रं अडवतात, आणि एकेका शिक्क्यासाठी परत त्या देशाशी पत्रव्यवहार करत बसावं लागतं. म्हणून हे तिथे असतानाच करा:

१. पदवीवर अपोस्टिल (कागद खरा असल्याचा त्या देशाचा अधिकृत शिक्का, जो करारातले इतर देश मान्य करतात) करून घ्या. तो देश अपोस्टिल करारात नसेल तर तिथल्या भारतीय दूतावासाचं साक्षांकन.

२. विद्यापीठाच्या लेटरहेडवर इंग्रजीत एक पत्र मागा: अभ्यासक्रम सुरू आणि पूर्ण झाल्याची तारीख, शिकवण्याचं माध्यम, इंटर्नशिप कुठे आणि किती महिने. १८ नोव्हेंबर २०२१ पासूनच्या नियमांत किमान ५४ महिने शिक्षण, इंग्रजी माध्यम आणि त्याच संस्थेत १२ महिने इंटर्नशिप अशा अटी आहेत. या पत्रात त्यांची उत्तरं एकाच जागी मिळतात. ‘सहा वर्षांचा कोर्स’ एवढंच लिहून दिलं तर घेऊ नका, तारखाच हव्यात.

३. पासपोर्टच्या सगळ्या पानांचं स्कॅनिंग. येण्या-जाण्याचे शिक्के हाच तुम्ही तिथे प्रत्यक्ष राहिल्याचा पुरावा. जुना पासपोर्ट संपला तरी टाकू नका.

४. दहावीची गुणपत्रिका, पासपोर्ट आणि पदवी शेजारी ठेवून नावाचं स्पेलिंग अक्षर-अक्षर जुळवा. वडिलांचं नाव मधे आलंय की गाळलंय, आपल्याकडे घोळ बहुधा तिथेच होतो. दुरुस्ती विद्यापीठातच करून घ्या.

आणि हो, पदवी लॅमिनेट करू नका. लॅमिनेट केलेल्या कागदावर शिक्का मारायला सहसा नकारच मिळतो.